ताळा पाहणारांची विद्या

(राजूर येथे ज्ञातिमंडळाच्या विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही जेमतेम मॅट्रिक. सारी हयात पाढे आणि भागाकार शिकविण्यात गेली. असे असता आम्ही संगणकशास्त्रातील अध्यापन-संशोधनाविषयी बोलणार, हे ऐकून मागील रांगेत हशा पिकला. तो रास्तच आहे. परंतु ह्या शास्त्राची एक शाखा आमच्या फळ्यापासून फारशी दूर नाही. तिचे काम ताळा पाहण्याचे.

संगणकास जी आज्ञावली लिहून देतात तिला प्रोग्रॅम म्हणतात. तो बिनचूक आहे हे ठरवावे कसे? चार-दोन उदाहरणे चालवून पाहावीत, ही रूढ रीत. पण शितावरून भाताची परीक्षा हा न्याय येथे लागू पडत नाही. एक शीत शिजले म्हणून शेजारचे शिजले असेलच असे नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान-५ हा अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत नष्ट झाला. ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या घरात मावली नाही, हे त्याचे मूळ. आणि प्रोग्रॅमचा तोच भाग आधीच्या एरियान-४ मध्ये बिनतक्रार चालला होता!

आपल्या राजूरच्या प्रदर्शनात डांगी बैल औताला न जुंपता, नुसते दात, खूर आणि चाल पाहून त्याच्याविषयी बोलणारे जाणते आपण पाहतो. तद्वत् प्रोग्रॅम न चालविता, केवळ वाचून, त्याच्या साऱ्या संभाव्य वाटांविषयी काय सिद्ध करता येते, हे पाहणारी ही विद्या. तिला मर्यादा आहे. कोणताही प्रोग्रॅम दिला असता तो थांबेल की नाही हे हमखास सांगणारी एकच एक रीत असू शकत नाही, असे अॅलन ट्युरिंग ह्यांनी १९३६ सालीच दाखवून दिले. तेव्हा तडजोड आली.

ती तडजोड मुलांनी नीट ध्यानात घ्यावी. आपला नवाचा ताळा जुळला नाही, तर चूक नक्की. जुळला तरी मात्र खात्री नाही, कारण ४५ च्या जागी ५४ लिहिले तरी ताळा जुळतोच. (आमच्या वर्गातील काही हुशार मुलांस हे आमच्या आधी कळले होते.) ह्या शास्त्रातील एका मोठ्या परंपरेने हा ताळा उलटा केला. तिची कसोटी 'निर्दोष' म्हणाली, तर त्या प्रकारची चूक खासच नाही. 'संशय आहे' म्हणाली, तर तो संशय खोटाही असू शकतो. राखणदाराने पाचोळा वाजला तरी ओरडावे, पण चोर आल्यावर गप्प बसू नये, असा हा करार. खोटे संशय कमी कसे करावेत, ह्यात संशोधकांची वर्षेच्या वर्षे जातात.

हे काम विलायतेतच होते असे नाही. मुंबईच्या आय. आय. टी.मध्ये प्रा. डी. एम. ढमढेरे ह्यांनी प्रोग्रॅमांच्या विश्लेषणावर काम केले. प्रा. उदय खेडकर ह्यांनी १९८६ साली जबलपूरहून पदवी घेतली, १९८९ मध्ये पुणे विद्यापीठाची एम. टेक., आणि १९९५ मध्ये मुंबईच्या आय. आय. टी.ची पीएच्.डी. १९९४ पासून २००१ पर्यंत ते पुणे विद्यापीठात शिकवीत होते, पुढे आय. आय. टी.मध्ये गेले. अमिताभ सन्याल व बागेश्री साठे ह्यांच्यासह त्यांनी ह्या विषयावर लिहिलेला ग्रंथ २००९ साली निघाला. पुण्यातील टाटांच्या संशोधन केंद्रात तयार झालेले 'व्हेरिअॅब्स' हे साधन प्रोग्रॅम पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, एका मुख्य गटात, २०१९ व २०२० साली पहिले आले.

पदवी १९८६, पीएच्.डी. १९९५. ही नऊ वर्षे आम्ही मुद्दाम मोजली.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा आमच्याकडे आला. नोकरी हाती होती, मन संशोधनाकडे होते. वडिलांवर कर्ज. "आधी घर सावर, बाळ," असे आम्ही म्हणालो. तो नमस्कार करून गेला. सल्ला चुकलाच असे आम्ही म्हणत नाही; पण त्याचा विषय कोणता, हे विचारलेसुद्धा नाही. तो ह्याच विद्येविषयी बोलत होता, हे पुढे त्याच्या धाकट्या बहिणीकडून कळले. तीच बहीण आज पहिल्या रांगेत बसली आहे.

शासनाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. तेवढ्यात एकट्याचे पोट भरते. अडते ते आपल्याच मंडळाच्या नियमाने. आपण दिलेल्या शिक्षणकर्जाची परतफेड पदवीनंतर एका वर्षात सुरू होते. नोकरी करणारास हे सोपे, संशोधकास अशक्य. म्हणून पीएच्.डी. करणाऱ्या मुलामुलींची परतफेड ती पुरी होईपर्यंत थांबवावी, असा ठराव आम्ही ह्या सभेपुढे मांडीत आहोत. खजिनदार मान हलवीत आहेत. होकारार्थी की नकारार्थी, हे येथून दिसत नाही. अनुमोदन देणारांनी कृपया हात वर करावेत.