वरच्या वर्गातली ताई

परिचारिकांची टंचाई, वाढलेली कॉलेजे, परदेशी जाणाऱ्या मुली, हे सगळे तुमच्या वाचनात आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. नर्सिंगला आलेली मुलगी (मुलगी म्हणतो, पण आता मुलगेही येतात) टिकवायची, तर तिला वरच्या वर्गातल्या ताईने शिकवले पाहिजे, आणि हे शिकवणे कुणाच्या भलेपणावर न सोडता वेळापत्रकात बसवले पाहिजे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलीपुढे पहिल्याच वर्षी अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी इंग्रजीत उभी राहते. पुढे वॉर्डातले हिशेब येतात. ५०० मिलिलीटर सलाईन चार तासांत द्यायचे, सेट एका मिलिलीटरला १५ थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? उत्तर साधारण ३१. पण घाबरलेली मुलगी चार तासांची २४० मिनिटे करायला विसरते आणि भलताच आकडा काढते. शिक्षिकेला हे गणित इतके सोपे झालेले असते की नेमके कुठे अडते ते तिच्या चटकन लक्षात येत नाही. मागच्या वर्षी तिथेच अडलेल्या ताईला ते लगेच दिसते. शिवाय ‘समजले नाही’ हे शिक्षिकेपुढे म्हणायला जी भीड वाटते, ती ताईपुढे वाटत नाही.

ही कल्पना पुण्याला परकी नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्या या शहरात त्यांच्या पत्नी रमाबाईंचे शिक्षण कसे झाले, ते आठवा. शिकवायला खुद्द न्यायमूर्ती होते. तरी घरातल्या बायकांचे टोमणे ऐकत त्यांना शिकावे लागले. गुरू एवढा मोठा असूनही बरोबरीने शिकणारी सोबत नसली, की शिकणे किती जड जाते! त्याच रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले आणि मुलींना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवले. परक्या पुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावणे. हे काम तेव्हा पांढरपेशा घरांना हलके वाटे. तिथे पाठवलेल्या मुलींत विधवाही होत्या. या मुलींसाठी संस्थेने वसतिगृह चालवले. माझे अनुमान असे, की त्या टिकल्या त्यात एका छताखाली राहून एकमेकींना धरून शिकण्याचा वाटा मोठा असला पाहिजे.

अशा सोबतीने शिकण्याला रीतसर पद्धतीचे रूपही देता येते. १९७३ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या मिसूरी विद्यापीठात डिआना मार्टिन यांनी आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांची गळती थांबवण्यासाठी एक पद्धत सुरू केली. तिचे मर्म असे: कच्चा विद्यार्थी शोधायचा नाही, अवघड विषय शोधायचा. त्या विषयाची सहाध्यायी शिकवणी सर्वांना खुली. म्हणून तिथे जाण्यात कमीपणा राहत नाही. आपल्याकडे नापासांची यादी फळ्यावर लावून त्यांच्यापुरते जादा तास घेतात. त्या तासाला बसणे म्हणजे शिक्षाच. हे बदलले पाहिजे.

आक्षेप ठाऊक आहेत. विद्यार्थिनी चुकीचे शिकवेल. रोग्याच्या जिवाशी खेळ. म्हणूनच मर्यादा हवी: शब्द, हिशेब, तोंडी परीक्षेची तयारी ताईकडे, इंजेक्शन आणि कॅथेटर शिक्षिकेच्या देखरेखीतच. सिनिअरच्या हाती ज्युनिअर दिली की रॅगिंग होईल, असेही म्हणतात. १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा राज्यात आहे, आणि दिवसाढवळ्या, वर्गात, नोंदवहीत नोंदलेली शिकवणी ही हॉस्टेलच्या बंद खोलीपेक्षा नक्कीच सुरक्षित. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: संस्था शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवतील आणि फुकटची ताई राबवतील. हे होऊ द्यायचे नाही. ताईचा तास शिक्षकाच्या तासात मोजायचा नाही, आणि तेवढा वेळ तिच्या ड्युटीतून कमी करायचा. फी भरता न येणे किंवा घरून लग्नाची घाई, यांवर शिकवणी हे औषध नाही. पण नापास होण्याच्या भीतीने बॅग भरणाऱ्या मुलीवर आहे.

वेळ संपली. सभागृहात नर्सिंग कॉलेजांच्या प्राचार्या बसल्या आहेत. त्यांना विनंती एवढीच, की पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास यंदाच राखून ठेवा, आणि त्या तासाला बसणारी पहिली ताई तुम्ही स्वतः निवडा.