आवाज मोकळा, पत्ता बंद



५ मे २०२५ रोजी स्काइप बंद झालं. परदेशी गेलेल्या मुलांचे चेहरे संगणकाच्या पडद्यावर पहिल्यांदा पाहिले ते स्काइपमुळे, असं सांगणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. २००३ मध्ये सुरू झालेलं हे स्काइप २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरला घेतलं आणि अखेर बंदही त्यांनीच केलं. वापरणाऱ्यांना सांगितलं, आमच्याच टीम्स या सेवेवर या.

मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर आपलाच राहतो. भारतभर २०११ पासून ही सोय आहे. इंटरनेटवरच्या कॉलला ती का नसावी?

तंत्र नाही म्हणून नव्हे. सिप नावाचं खुलं प्रमाण १९९९ पासून आहे. ईमेलसारखा पत्ता घ्यायचा आणि कुठल्याही कंपनीच्या माणसाला फोन लावायचा, अशी त्याची मूळ कल्पना. गंमत म्हणजे तुमचा ४जीवरचा साधा कॉल आजही सिपच जोडून देतं! प्रमाण जिंकलं, पण पडद्याआड.

समोरचे दरवाजे मात्र एकेक करून लागत गेले. गूगल टॉक २००५ मध्ये जॅबर नावाच्या खुल्या पद्धतीवर निघालं आणि पुढच्याच वर्षी त्याने इतरांच्या सर्व्हरशी बोलणं सुरू केलं. २०१३ मध्ये हँगआउट्स आलं, तेव्हा गूगलने ती वाट सोडली. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी २०१० मध्ये भर मंचावरून सांगितलं होतं की त्यांची व्हिडिओ कॉलची सेवा फेसटाइम खुलं प्रमाण होईल. ते झालं नाही. मग पेटंटचे खटले आले. २०२१ पासून अँड्रॉइडवाल्यांना ब्राउझरमधून फेसटाइमवर येता येतं, पण आयफोनवाल्याने लिंक पाठवली तरच.

याच कंपन्या दुसरीकडे उदार आहेत. आवाज कमी जागेत बसवून पाठवणारं ओपस हे प्रमाण २०१२ मध्ये आलं. ते फुकट वापरता येतं, आणि त्याचा अर्धा पाया स्काइपने दिलेला आहे. ब्राउझरमधून थेट कॉल करू देणारं वेबआरटीसी गूगलने खुलं केलं. माझ्या मते यात विसंगती नाही. आवाज पाठवण्याची युक्ती वाटली म्हणून गिऱ्हाईक जात नाही. पत्त्यांची यादी उघडली तर जातं.

ही यादी बंद ठेवायला कंपन्या सुरक्षिततेचं कारण देतात. ते अगदीच पोकळ नाही. दोन वेगळ्या सेवांमध्ये कूटबद्ध संभाषण सांभाळणं अवघड असतं, आणि खुल्या पत्त्यावर नको ते कॉलही येतात. तरी युरोपीय संघाने डिजिटल मार्केट्स कायद्याखाली व्हॉट्सॲपला दुसऱ्या सेवांसाठी दार उघडायला लावलं आहे. आधी लेखी संदेश. व्हॉइस आणि व्हिडिओ कॉलना सप्टेंबर २०२३ पासून चार वर्षांची मुदत मिळाली. ती २०२७ मध्ये संपते, आणि तीही युरोपातल्या वापरकर्त्यांपुरती.