सोज्ज्वळ प्रेमकथेतील नकार

सोज्ज्वळ प्रेमकथा हा वाङ्मयाचा असा प्रांत आहे की, जेथे वाचकांची सदा वर्दळ असते आणि टीकाकार मात्र बहुधा वेशीवरूनच परततात. दोघे भेटतात, गैरसमज होतो, तो दूर होतो, लग्न ठरते. यात आहे तरी काय, असा प्रश्न विचारला जातो. वाचक त्याचे उत्तर देत बसत नाहीत. वाचनालयात परत केलेले पुस्तक चार महिन्यांनी पुन्हा घरी नेतात, इतकेच.

या आकर्षणाची दोन कारणे नेहमी पुढे केली जातात. अशी कथा घरातील वडील माणसांच्या देखत वाचता येते, हे एक. आणि संसारात जे लाभले नाही ते तिच्यात लाभते, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत. पण त्यांनी गोडीचा उलगडा होत नाही. शृंगाराचा उच्चार टाळला की कथा गोड होते असे मानले, तर सॅम्युएल रिचर्डसन याची १७४० साली प्रसिद्ध झालेली ‘पामेला’ ही कादंबरी अशा कथांची शिरोमणी ठरावयास हवी. पंधरा वर्षांची एक मोलकरीण. तिच्या मागे लागलेला तिचा तरुण धनी. तो तिला फसवून लिंकनशायरमधील आपल्या वाड्यात कोंडून ठेवतो, धमक्या देतो, बळजबरीचाही प्रयत्न करतो. ती आपले शील राखते आणि शेवटी त्याच धन्याशी तिचा रीतसर विवाह होतो. त्या काळच्या इंग्लंडने हे पुस्तक डोक्यावर घेतले आणि हेन्री फील्डिंगने दुसऱ्याच वर्षी त्याची यथेच्छ टवाळी केली. शील शाबूत आहे, लग्न आहे, शेवटही गोड आहे. तरी आजच्या वाचकाच्या जिभेवर कडूपणाच उरतो. ती मुलगी नाही म्हणते आणि तो ते ऐकत नाही, हे त्याचे कारण. गंमत अशी की, तो अखेर तिला घरी जाण्याची मोकळीक देतो आणि त्यानंतरच ती वाटेतून आपखुशीने मागे फिरते. कादंबरी जिथे खरोखर गोड होते, ती जागा हीच.

जेन ऑस्टेनला हे मर्म पुरते उमगलेले होते. तिच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत एलिझाबेथ बेनेट हिला प्रथम मागणी घालतात ते कॉलिन्स नावाचे धर्मोपदेशक. ती नकार देते. कुलीन मुली प्रथम नाहीच म्हणतात, अशी या गृहस्थांची पक्की समजूत. म्हणून तो नकार ते शिष्टाचाराच्या खात्यावर जमा करतात. ती पुन्हा नाही म्हणते, ते पुन्हा प्रसन्न होतात. हा प्रसंग वाचताना हसू आवरत नाही, पण त्या हसण्याखाली एक भीती आहे. वडिलांची मालमत्ता याच कॉलिन्सकडे जाणार आहे आणि आईची तर हे लग्न व्हावे म्हणून घाई चालली आहे. त्या मुलीचा शब्द हा शब्द आहे, असे मानणारे तिथे वडिलांवाचून कोणी नाही.

मग येतो डार्सी. तो श्रीमंत आहे, गर्विष्ठ आहे आणि मागणी घालताना आपण किती खाली उतरलो आहोत हेही ऐकवतो. एलिझाबेथ त्याला झिडकारते. कादंबरी इथे जेमतेम मध्यावर आली आहे. डार्सी निघून जातो. दुसऱ्या दिवशी एक पत्र तिच्या हाती देतो. त्या पत्रात आरोपांचा खुलासा आहे. मागणी मात्र पुन्हा केलेली नाही. पुढे कित्येक महिन्यांनी तो पुन्हा विचारतो, तेव्हा आपल्या मनाची स्थिती सांगतो आणि तिचे मन पूर्वीसारखेच असेल तर हा विषय कायमचा सोडण्याची तयारी दाखवतो. सबंध पुस्तकात त्या दोघांत प्रणयचेष्टा म्हणावी अशी काही नाही. तरी वाचक या पानांकडे पुन्हा पुन्हा वळतो. ‘नाही’ या शब्दाला जिथे खरे वजन आहे, तिथेच ‘होय’ या शब्दाला किंमत येते.

हे सारे इंग्रजी दिवाणखान्यातले, असे समजण्याचे मात्र कारण नाही. महाभारताच्या वनपर्वातील आणि रघुनाथ पंडितामुळे मराठी रसिकांच्या ओठांवर आलेले नल-दमयंतीचे आख्यान पाहावे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघेही दमयंतीची अभिलाषा धरतात, एवढेच नव्हे तर स्वयंवरात नलाचेच रूप घेऊन बसतात. ती त्यांना शरण जाते, आपले मन सांगते; आणि ते देव आपली खरी लक्षणे प्रकट करून तिचा मार्ग मोकळा करतात. वर नलाला वरदानेही देतात. राग येतो तो कलीला, आणि तो तर स्वयंवराला वेळेवर पोहोचलेलाही नसतो! देव समजावून सांगतात, पण तो ऐकत नाही. बारा वर्षे वाट पाहून नलाच्या शरीरात शिरतो. आख्यानातील सारे दुःख या न सोसलेल्या नकारातून निघते.

चित्रपटांत हा धागा बासू चटर्जी यांनी उत्तम पकडला. १९७५ साली ‘दीवार’ आणि ‘शोले’ गाजत होते. त्याच्या आगेमागे, १९७४ मध्ये ‘रजनीगंधा’ आणि १९७६ मध्ये ‘छोटी सी बात’ व ‘चितचोर’ आले. तिन्हींत नायक अमोल पालेकर. रंगभूमीवरून आलेला, शेजारच्या बिऱ्हाडातला वाटावा असा. ‘चितचोर’मध्ये घरचे लोक इंजिनिअर जावई समजून भलत्याच तरुणाचे आदरातिथ्य करतात, खरा इंजिनिअर आला की मुलीने आपले मन त्याच्याकडे वळवावे, अशी आईची अपेक्षा. मुलगी म्हणजे चुकीच्या पत्त्यावर गेलेले पार्सल नव्हे, हे त्या घराला कळण्यास बराच वेळ लागतो. ज्या घरांत पोह्यांची बशी पुढे केली की मुलीचे मत घेतल्यासारखे होई, त्या घरांतल्या प्रेक्षकांना यातले काही समजावून सांगावे लागले नसेल.

‘छोटी सी बात’ची गोष्ट थोडी निराळी आहे. तिचा लाजरा नायक बसच्या थांब्यापासून कचेरीपर्यंत प्रभाच्या मागे रोज चालत जातो. प्रभाच्या हे ध्यानात आलेले असते आणि तिला ते नकोसे नसते, म्हणून चित्र गोड राहते. तिला ते नकोसे असते, तर? तो प्रश्न चित्रपट विचारत नाही. आजची तरुणी मात्र विचारील आणि तिने विचारावाच.

‘रजनीगंधा’ या साऱ्यांहून धीट आहे. मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवर तो आधारलेला आहे. कथेतील कानपूर आणि कलकत्ता यांच्या जागी पडद्यावर दिल्ली आणि मुंबई आली. दिल्लीत दीपाचे संजयशी लग्न जवळपास ठरलेले. तो बडबड्या, वेळ न पाळणारा, बढतीच्या चिंतेत बुडालेला. मुलाखतीसाठी ती मुंबईला येते आणि पूर्वी दुरावलेला नवीन तिच्यासाठी धावपळ करतो. तिचे मन डळमळते. नवीन काही बोलत नाही; तरी ती मनाने पुरती त्याची होऊन दिल्लीला परतते आणि पत्राची वाट पाहू लागते. नायिकेच्या मनात एकाच वेळी दोन पुरुष असूनही तिच्यावर कलंक येत नाही, ही हिंदी चित्रपटात फार दुर्मीळ गोष्ट होती. पत्र येते. त्यात नोकरी मिळाल्याची बातमी असते, मनातले अक्षरही नसते. तेवढ्यात दाराशी संजय येतो, नेहमीची रजनीगंधाची फुले हातात घेऊन. यातले त्याला काहीच ठाऊक नसते.