बदके आणि कोंबड्या : एका परसात



परसातली अंडी विकून येणारा पैसा हा आपल्या खेड्यापाड्यांतून बहुधा घरच्या बाईचा पैसा असतो. तो धान्याच्या हिशेबात धरला जात नाही, सोसायटीच्या कर्जात वळता होत नाही. मुलाची वही, सासूचे औषध, पाहुण्याच्या चहाची साखर या गोष्टी त्यातून निघतात. दहा-बारा कोंबड्या एका आठवड्यात मेल्या, तर त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. घरातला एक आधार मात्र तुटतो. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. या लहान पैशाकडे आमच्या पुस्तकांचे लक्ष थोडेच जाते, म्हणून आज त्याविषयी चार शब्द सांगणार आहे.

कोंबड्या आहेतच, त्यांच्यातच चार बदके सोडली तर काय हरकत आहे, असा प्रश्न भाताच्या मुलखातले लोक नेहमी विचारतात. आसाम, बंगाल आणि केरळ या प्रांतांत बदके घरोघर दिसतात. आपल्याकडे ती त्या मानाने कमी. पण जिथे भातखाचर आहे, ओढा आहे, तिथे बदक स्वतःचे बरेचसे खाणे स्वतः मिळवते. गोगलगाई, किडे, सांडलेले दाणे यांवर ते ताव मारते. तेव्हा बदके जरूर पाळावीत. मात्र एक सूत्र गाठीला बांधा : अंगण एक चालेल, पाणी आणि रात्र वेगळी हवी.

असे का, हे समजायला दोघांचे माहेर पाहिले पाहिजे. कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे तांबडा रानकोंबडा. आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही अंश तिच्यात आहे. तिच्या पायांचा पिवळेपणा त्याच्याकडून आला, असे २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. म्हणजे ही रानातली लेक. कोरड्या पाचोळ्यात उकरावे आणि रात्री फांदीवर बसावे, हा तिचा स्वभाव. आपले नेहमीचे बदक आले पाणथळीतून. ते फांदीवर बसत नाही, जमिनीवरच निजते, आणि चोच, डोळे, नाकपुड्या पाण्यात बुचकळून धुतल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एकीला कोरडे हवे, दुसऱ्याला ओले. सगळा तंटा इथेच आहे.

प्रथम पाण्याचे पाहू. बदक एक घास खाते आणि लगेच पाण्याकडे धावते. तोंडातले पीठ पाण्यात, पाणी अंगावर, आणि अंगावरचे जमिनीवर! घटकाभरात भांड्यात गढूळ आंबोण तयार. तेच पाणी कोंबड्या पितात आणि हगवण लागते. शिवाय खाली चिखल झाला, की कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लावणारे जंतू त्या उबदार ओलीत एक-दोन दिवसांत तयार होतात. बदक त्या रोगाने मरत नाही. मरते ते कोंबडीचे पिल्लू. उपाय सोपा आहे, बिनपैशाचा आहे. कोंबड्यांचे पाणी दीड-दोन फूट उंच ओट्यावर ठेवा. कोंबडी उडी मारून चढते, बदकाला ते साधत नाही. बदकांचे घमेले परसाच्या उताराच्या कडेला ठेवा, खाली खड्डा करून त्यात खडी आणि वाळू भरा, आणि ओघळ अळवाकडे नाही तर केळीकडे वळवा. पोहायला तळे नसले तरी चालते; डोके बुडेल एवढे खोल पाणी मात्र हवेच. आणि बदकाला नुसते कोरडे खाणे कधी घालू नका. जवळ पाणी नसेल तर घास घशात अडकतो.

आता रात्र. कोंबड्या दांडीवर आणि बदके तिच्याखाली, अशी एकाच खुराड्यात सोय केली, तर वरची घाण रात्रभर बदकांच्या पाठीवर पडते आणि खालची ओल वर कोंबड्यांच्या नाकात जाते. म्हणून बदकांना शेजारीच, पण वेगळे आणि हवेशीर खोपट करा. तळाला तूस किंवा पेंढा घाला आणि तो भिजला की बदला. बदक जमिनीवर निजते म्हणून मुंगूस, रानमांजर, कोल्हा यांचे ते सोपे भक्ष्य. दार भक्कम हवे. सकाळी कोंबड्या लवकर सोडा, पण बदकांना आठ-नऊ वाजेपर्यंत आतच ठेवा. त्यांची बहुतेक अंडी पहाटे आणि सकाळीच पडतात. लवकर सोडलीत, तर अंडी ओढ्यात जातील आणि बदकाला दोष मिळेल.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बदकांत नर फार असले, तर ते कोंबड्यांच्या मागे लागतात, आणि त्यात कोंबडीला गंभीर इजा होते. कधी ती दगावतेही. पाच-सहा माद्यांना एक नर पुरे. उबवण नको असेल तर एकही नर नको. त्यावाचून अंडी थांबत नाहीत.

खाण्यात दोन पथ्ये आहेत. नायसिन नावाचे जीवनसत्त्व बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लाच्या जवळजवळ दुप्पट लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, पिल्लू बसूनच राहते. म्हणून त्यांच्या खाण्यात थोडी सुकट द्यावी. दुसरे पथ्य बुरशीचे. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, बदकांची पिल्लेही मेली. शोध घेता कारण सापडले ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत. ते विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. बदकाचे पिल्लू त्याला इतके हळवे, की पेंडीत विष आहे की नाही हे ठरवायला संशोधक याच पिल्लांचा उपयोग करीत. तेव्हा पावसाळ्यात कुबट वास येणारी पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून परसात टाकू नका. ती कोंबड्यांनाही बाधते. बदकांचा तर जीवच घेते.

आणि आता रोगाचे. राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, कोंबड्यांत शिरली की खुराडे रिकामे करते. तिचे विषाणू अंगात असूनही बदक पुष्कळदा ठणठणीत दिसते. बर्ड फ्लूचेही कित्येकदा तसेच. भारतात तो प्रथम आढळला, तो २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नवापुरात. २०२१ च्या जानेवारीत केरळच्या आलप्पुळा आणि कोट्टयम जिल्ह्यांत बदके त्याला बळी पडली, आणि त्याच महिन्यात तो परभणी जिल्ह्यातही कोंबड्यांत निघाला. हिवाळ्यात तळ्यावर परदेशी पाणपक्षी उतरतात. त्यांच्यात मिसळून आलेले बदक काय घेऊन घरी आले, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोंबड्यांना मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्या. नवा पक्षी आणला, तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. साथीची बातमी असेल तेव्हा बदके तळ्यावर सोडू नका. आणि पक्षी एकाएकी मरू लागले, तर ते ओढ्यात फेकू नका, घाईने विकू नका, उघड्या हाताने हाताळू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी कळवा. शेजाऱ्याचे खुराडे त्याच वाऱ्यावर आहे, हे विसरू नये.

शिक्षकांसाठी थोडे वेगळे. खाकी कॅम्पबेल जातीचे बदक वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते, पण अंड्यांवर बसायचे ते जवळजवळ विसरले आहे. म्हणून गावठी खुडूक कोंबडीच त्याची दाई. तिच्याखाली बदकाची सात-आठ अंडी ठेवा. अंडी जड असतात, ती तिला नीट फिरवता येत नाहीत. दिवसातून दोन-तीनदा आपण हाताने फिरवावीत. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्याला २८. दोन्ही एकदम फुटायला हवी असतील, तर बदकाची किती दिवस आधी ठेवावीत? हे गणित मुलांना फळ्यावर घालण्यापेक्षा खुराड्यापाशी घाला. सातव्या दिवशी अंधारात मोबाइलच्या दिव्यासमोर अंडे धरले, की आतल्या तांबड्या शिरांचे जाळे मुलांना दिसेल. पिल्ले निघाली की ती कोंबडीलाच आई मानतील. जन्मल्याबरोबर जे हलते-बोलते दिसेल त्याच्यामागे पिल्लू जाते, या गोष्टीचा अभ्यास ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झ यांनी केला. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ही पिल्ले पाण्याकडे धाव घेतात आणि आई काठावर कासावीस होते. मौज वाटेल, पण पहिले काही आठवडे त्यांना खोल पाण्यात जाऊ देऊ नका, ती भिजून गारठतात.

या सगळ्याला भांडवल किती लागते, तर दोन घमेली, थोडी खडी आणि एक जादा खोपट. बाकी लागते ती रोजची नजर, आणि ती आपल्या आयाबहिणींपाशी आहेच. परसातला हा व्यवहार त्यांचा आहे. तेव्हा घरातल्या पुरुषांनी निदान खोपट तरी या आठवड्यात बांधून द्यावे.