वॉरंट आले तर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून लोणची, भरतकाम, मुलांचे आरोग्य अशा विषयांवर आपण ऐकतो. यंदा मला बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा मी सांगितले की मजजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती फारशी मिरवण्यासारखी नाही. माझ्या नावाने कोर्टाचे वॉरंट निघाले होते. गल्लीतल्या पुष्कळ जणींना हे अर्धवट ठाऊक आहे, म्हणून आज पुरते सांगते.

आमचे किराण्याचे दुकान माझ्या नावावर आहे. एका घाऊक व्यापाऱ्याला मी सही करून दिलेला चेक खात्यात पैसे कमी असल्याने परत आला. त्यांनी आधी नोटीस पाठविली, मुदतीत पैसे गेले नाहीत, तेव्हा फिर्याद केली. समन्स आले, मी एकदा कोर्टात हजर राहिले, जामीन दिला. पुढे आम्ही दोन हप्त्यांत त्यांची सगळी रक्कम चुकती केली, पावती घेतली आणि देवापुढे साखर ठेवली. पैसे दिले म्हणजे केस मिटली, अशी आमची समजूत! पण भगिनींनो, पैसे व्यापाऱ्याला दिले होते, कोर्टाला ते कोणी कळविलेच नव्हते. कोर्टात तारखा पडत राहिल्या, माझे नाव पुकारले जात राहिले आणि मी इकडे पापड लाटीत होते. मधल्या काळात आम्ही भाड्याची जागा बदलली, त्यामुळे पहिले वॉरंट जुन्या पत्त्यावर जाऊन परत गेले.

एके दिवशी दिवेलागणीला पोलीस शिपाई दारात आले. माझे नाव विचारले आणि कागद दाखविला. त्यावर ‘अजामीनपात्र’ हा शब्द होता. ते गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, “बाई, आता दिवस मावळला आहे, तुम्हाला नेता येत नाही. उद्या सकाळी स्वतःच कोर्टात जा, नाहीतर मला पुन्हा यावे लागेल.” समोरच्या गॅलरीत चार जणी उभ्या होत्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

रात्री घरात तीन सल्ले निघाले. सासूबाई म्हणाल्या, “चार दिवस माहेरी जाऊन राहा, सारे निवळेल.” ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, “पाच हजार द्या, मी कागद दाबून ठेवतो.” आमचे हे पैसे काढायला उठलेसुद्धा. पण माझी थोरली मुलगी मोबाइल घेऊन बसली होती. ती म्हणाली, “आई, आधी केस कुठे आहे ते तरी पाहू.”

ई-कोर्ट्स नावाची सरकारी वेबसाइट आहे, तिचे अ‍ॅपही आहे. जिल्हा आणि कोर्ट निवडून केसचा नंबर किंवा पक्षकाराचे नाव व वर्ष घातले की केस कोणत्या न्यायाधीशांपुढे आहे, मागच्या तारखेला काय झाले, पुढची तारीख कोणती, हे दिसते. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सी.एन.आर. नंबर असतो, तो वहीत उतरून ठेवावा. मात्र एकाच नावाची दोन माणसे असतात, म्हणून समोरच्याचे नावही ताडून पाहावे. ज्यांच्याजवळ मोबाइल नाही त्यांनी सरळ तालुक्याच्या कोर्टात जाऊन कारकुनाला विचारावे.

सकाळी उठून आम्ही कोर्ट गाठले. तेथे तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते. मला ज्या वकीलबाई मिळाल्या त्यांनी पदर खोचून मला समजावून दिले, तेच तुम्हाला सांगते.

कोर्ट साधारणतः आधी समन्स काढते. माणूस आला नाही तर जामीनपात्र वॉरंट, आणि तरीही आला नाही तर अजामीनपात्र. जामीनपात्र असेल तर कागदावर लिहिल्याप्रमाणे जामीन घेऊन पोलीसच सोडू शकतात. अजामीनपात्र म्हणजे जन्मात जामीन नाही असे नव्हे, तर पोलिसांना सोडता येत नाही, कोर्टाला येते. वॉरंट जुने झाले म्हणून मरत नाही. त्याची बजावणी होईपर्यंत किंवा कोर्ट ते रद्द करीपर्यंत ते जिवंत असते, आणि भारतात कोठेही बजावता येते. मग माहेरी जाऊन काय उपयोग? उलट माणूस लपला असे कोर्टाला वाटले तर जाहीरनामा निघतो, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आणि पाच हजार घेणाऱ्याच्या हातात वॉरंट रद्द करण्याचा अधिकारच नसतो.

पोलिसांनीही वॉरंटातला मजकूर सांगावा लागतो, मागितले तर कागद दाखवावा लागतो, आणि धरल्यावर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत कोर्टापुढे न्यावे लागते. अपवादाचा प्रसंग सोडला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करीत नाहीत. तसा प्रसंग आलाच तर महिला पोलीस अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. हे नियम १९७३ च्या संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत.

वकीलबाईंनी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज लिहिला. न आल्याचे खरे कारण लिहिले, सोबत पावत्या जोडल्या. पुकारा झाला तेव्हा माझे पाय लटपटत होते. साहेबांनी विचारले, “तारखांना का आला नाहीत?” मी म्हटले, “साहेब, पैसे दिले, म्हणजे संपले असे समजले. चूक झाली.” त्यांनी थोडा खर्च भरण्याच्या अटीवर वॉरंट रद्द केले आणि पुढच्या तारखेला हजर राहण्यास बजावले. त्या तारखेला व्यापाऱ्यांच्या वकिलांनी रक्कम मिळाल्याची पुरसीस दिली, तडजोड नोंदली गेली आणि केस खरोखर मिटली.

आणखी एक गोष्ट वकीलबाईंनी त्याच दिवशी करायला लावली. वॉरंट रद्द झाल्याचे कोर्टाचे पत्र घेऊन मी स्वतः पोलीस ठाण्यात गेले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. कोर्टात रद्द झालेले वॉरंट ठाण्याच्या फायलीत पडून राहिले तर शिपाई पुन्हा दारात उभे राहतील. ती पोच अजून माझ्या ट्रंकेत आहे.

अलीकडे दुसरेच एक सोंग निघाले आहे. आपल्या गल्लीतल्या एका मावशींना मोबाइलवर गणवेशातला माणूस दिसला. “तुमच्या नावे वॉरंट आहे, फोन बंद करू नका, पैसे भरा” असे तो दरडावीत होता. कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. समन्स हल्ली मोबाइलवर येऊ शकते, पण फोनवर पैसे भरून कोणतेही वॉरंट रद्द होत नाही. असा फोन आला तर ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर कळवावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याला बोलावणे आले आहे त्याने ती न चढणे हा शहाणपणा नव्हे. मी एका तारखेला गेले असते तर पुढचे काहीच घडले नसते. ज्यांच्या घरी एखादी जुनी केस, जामीनकी किंवा परत आलेला चेक असेल त्यांनी उद्याच तिची तारीख पाहावी. एकटीला जाण्याचा धीर होत नसेल तर मला हाक मारावी, मी बरोबर येईन. आता मला ती पायरी ठाऊक झाली आहे.