सजीवांच्या शास्त्रीय नावांतील माणसे



मुलांना घेऊन नान्नजच्या माळावर गेलात, तर माळढोक दिसेलच असे नाही. परंतु मातकट रंगाचा, तुरेवाला लहानसा चंडोल बहुधा दिसेल. इंग्रजीत त्यास साइक्सचा चंडोल म्हणतात. हे सांगताच एखादा चुणचुणीत मुलगा विचारील, "गुरुजी, साहेब येण्यापूर्वी हा पक्षी नव्हता काय?" प्रश्न रास्त आहे.

कर्नल साइक्स कंपनी सरकारचे अधिकारी होते. दख्खनच्या पाहणीत आढळलेल्या पक्ष्यांची यादी त्यांनी १८३२ साली प्रसिद्ध केली. या चंडोलाचे शास्त्रीय नाव 'गॅलेरिडा देवा' असून ते साइक्स यांनीच ठेवले. नावापुढे 'साइक्स, १८३२' असे लिहितात, ती केवळ नामकरण करणाऱ्याची नोंद होय. तिला सन्मान समजण्याची चूक पुष्कळदा होते. स्वतःचे नाव स्वतःच देणे शास्त्रज्ञांत शिष्टसंमत नाही.

सन्मानाचे नाव दुसऱ्याने द्यावयाचे असते, आणि ते लॅटिनच्या षष्ठी विभक्तीत चालते. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. महाबळे यांच्या सन्मानार्थ एका कंदीलपुष्पाचे नाव 'सेरोपेजिया महाबळेई' आहे. म्हणजे महाबळ्यांचे कंदीलपुष्प. स्त्रीच्या नावास निराळा प्रत्यय लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांच्यावरून २०१९ साली दक्षिणेतील एका पालीस 'द्रविडोगेको जानकीए' हे नाव मिळाले. (पालीला आपले नाव मिळणे हा सन्मान कसा, असे मुले हसून विचारतील, हसू द्यावे.)

सन्मान नेहमीच अभ्यासकाचा होतो असे मात्र नाही. जुन्नरकडच्या कड्यांवर वाढणाऱ्या एका मांसल वनस्पतीचे नाव डाल्झेल यांनी 'फ्रेरिया इंडिका' असे ठेवले. सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे ही वनस्पती दुसऱ्या प्रजातीत घातली गेली, तरी 'फ्रेरेई' या रूपाने गव्हर्नरसाहेब नावात राहिलेच. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात. ते नाव लॅटिनमध्ये गेले नाही.

म्हणून शाळेच्या निसर्गवहीत तीन रकाने आखावेत : गावातील नाव, शास्त्रीय नाव, आणि गावातील नाव कोणी सांगितले. तिसरा रकाना भरताना मेंढरे राखणाऱ्या मुलाचे नावही शाईने लिहावे.