सरकारी वकील नेमका कुणाचा?

राहनाळच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज हप्ता नाही, कर्ज नाही, बँकेचं पासबुकही नाही. आज वकिलाबद्दल बोलायचंय.

विषय निघाला तो मासिक बैठकीत. गटातल्या एका मावशींची भाची अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहते. तिने फोनवर सांगितलं, "आम्ही परवा सरकारच्या वकिलाला मत दिलं." मावशींना वाटलं पोरगी थट्टा करतेय. पण ते खरं होतं. तिथे राज्याचा जो सगळ्यात मोठा सरकारी वकील असतो, त्याला अ‍ॅटर्नी जनरल म्हणतात. अमेरिकेतल्या पन्नासपैकी त्रेचाळीस राज्यांत लोक त्याला मत देऊन निवडतात, आपण सरपंच निवडतो तसं. सगळीकडे नाही हं. आपली पुष्कळ मराठी माणसं न्यू जर्सीत आहेत, तिथे राज्यपालच त्याला नेमतो.

व्हर्जिनियात 4 नोव्हेंबर 2025 ला मतदान झालं. अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर राज्यपाल झाल्या, त्या राज्यातल्या पहिल्या महिला राज्यपाल. उपराज्यपालपदी गझाला हाश्मी निवडून आल्या, त्यांचा जन्म आपल्या हैदराबादचा. आणि अ‍ॅटर्नी जनरल झाले जे जोन्स. प्रचार चालू असताना त्यांचे 2022 मधले जुने मेसेज बाहेर आले. विरोधी पक्षाच्या नेत्याला गोळी घालण्याची भाषा त्यात होती. त्यांनी माफी मागितली आणि तरी ते निवडून आले. म्हणजे मत मिळालं की माणूस तपासून घेतला असं होत नाही. तिथेही पुष्कळ जण पक्षाचं चिन्ह बघूनच मत देतात. हे काही आपल्याला नवीन नाही.

आपल्याकडे कसं आहे? महाराष्ट्राच्या सगळ्यात मोठ्या सरकारी वकिलाला महाधिवक्ता म्हणतात. संविधानाच्या कलम 165 प्रमाणे राज्यपाल त्यांना नेमतात, आणि नाव ठरवतं मंत्रिमंडळ. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत ते पदावर राहतात. विधानसभेत जाऊन ते बोलू शकतात, पण मत देऊ शकत नाहीत. मार्च 2016 मध्ये महाधिवक्ता श्रीहरी अणे यांनी राजीनामा दिला. ते वेगळ्या विदर्भाबद्दल आणि मग मराठवाड्याबद्दल बोलले, त्यावरून सभागृहात गदारोळ झाला होता. त्या सगळ्यात तुम्हाला आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची पद्धतही नाही. आपलं मत आमदाराला, आमदारांचं सरकार, आणि सरकारचा वकील. 20 नोव्हेंबर 2024 ला आपण शाई लावून आलो, त्यातच हेही आलं.

पण महाधिवक्ता हायकोर्टात. आपल्या वाट्याला येतो तो तालुक्याच्या, जिल्ह्याच्या कोर्टातला सरकारी वकील. आणि तिथेच बायकांचा घोटाळा होतो.

आमच्या एका गटातल्या ताईंचंच घ्या. गोदामात पॅकिंगला जातात. मारहाणीची तक्रार दिली, खटला उभा राहिला. प्रत्येक तारखेला खाडा, म्हणजे दिवसाची मजुरी गेली. काळ्या कोटातल्या साहेबांना त्या आपला वकील समजत होत्या. दोनदा बोलायला गेल्या, दोन्ही वेळा "नंतर या" एवढंच ऐकलं. ताई म्हणाल्या, "माझा वकील माझ्याशीच बोलत नाही, मग केस माझी कशी?" समोरच्या माणसाचे नातेवाईक मात्र दर दोन दिवसांनी घरी येऊन "मिटवून टाक" म्हणत होते.

तायांनो, फौजदारी खटल्यात तो वकील सरकारचा असतो. आरोपीविरुद्ध खटला सरकार चालवतं, आपण त्यात फिर्यादी आणि साक्षीदार. खालच्या कोर्टातले सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. सेशन कोर्टातल्या सरकारी वकिलांच्या नावांची यादी जिल्हाधिकारी सेशन जजशी विचारविनिमय करून करतात आणि नेमणूक राज्य सरकार करतं. एकेकाकडे फायलींचा ढीग असतो हेही खरं. तरी दोन मिनिटं थांबून बाईला काय चाललंय ते सांगावं, असं आम्हाला वाटतंच.

मग आपल्या हातात काय? पुष्कळ आहे. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. तपास कुठवर आला ते पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचं असतं. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर जिच्यावर अन्याय झाला तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट परवानगी देऊ शकत नाही. हे नीट लक्षात ठेवा. "वरून केस काढून घेतली, आता काही होत नाही" असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका.

आणि कोर्टाच्या परवानगीने आपल्याला स्वतःचा वकील लावता येतो. खटला चालवणार सरकारी वकीलच, आपला वकील त्याला मदत करतो. पण तो आपल्याशी बोलतो, तारखेला काय झालं ते समजावतो.

पैसे कुठून आणायचे? आणायचे नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, त्याच्या कलम 12 प्रमाणे प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. नवऱ्याचा पगार किती, घर पक्कं आहे का, काही नाही. साध्या कागदावर अर्ज करायचा. भिवंडी कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, ठाण्याला जिल्हा प्राधिकरण आहे. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे लिहून घेतात. फोन करायचा तर 15100. आमच्या ताईंनी अर्ज केला आणि त्यांना एक वकीलबाई मिळाल्या. पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी विचारलं, घरी कोण कोण येऊन दम देतं? ती नावं लिहून पोलिसांत अर्ज दिला. तेव्हापासून "मिटवून टाक" म्हणणारे घरी आलेले नाहीत.

खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते आम्ही सांगू शकत नाही. पण तारखेला ताई आता एकट्या जात नाहीत. गटातल्या दोघी पाळीपाळीने सोबत असतात, आणि त्या दिवशीची मजुरी बुडते म्हणून दंडाच्या पेटीतून भाड्याचे पैसे द्यायचे असा ठराव झालाय. दोघी-तिघींनी आधी कुरकुर केली, मग सह्या केल्या.

ग्रामपंचायतीच्या, विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवार दारात येतात. आपण गटार विचारतो, नळ विचारतो. यापुढे हेही विचारायचं ठरवलंय: कोर्टात सरकारी वकिलांच्या जागा भरलेल्या आहेत का, आणि बाईला बसायला बाक आणि जायला संडास आहे का?

ज्यांची केस चालू आहे त्यांनी शनिवारच्या बैठकीला एफआयआर आणि तारखेचा कागद घेऊन यावं. अर्ज तिथेच लिहू. गोदामाची पाळी सुटल्यावर, साडेसहाला.